तक्रारदार समाधानी

प्रिय नसरीन,

तुला अनेक दुआ. तू मराठी शाळेत शिकलीस, म्हणून मराठीतच लिहितो आहे. या पत्रातला एकही शब्द तुला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये. माझी बहीण, तुझी शहनाज फुफी, पुसदहून फोनवर सांगत होती की तू गोळ्या उशीखाली लपवतेस. विचारले तर म्हणतेस, "येडीचं कोनी खरं मानत नाही, मंग येडीनं गोळ्या कायले खाव्या?" चार दिवस हे वाक्य माझ्या नमाजमध्ये येते आहे.

आर्णीला महिन्यातून एकदा येणारे मनोविकारांचे डॉक्टर तीन महिने आले नाहीत आणि सरकारी गोळ्या संपल्या, तेव्हा मी तुला सब्र कर, धीर धर म्हणालो. तुझी झोप गेली, बोलणे तुटले. मग ज्या दवाखान्याचे नाव तू घेत नाहीस, तिथे मीच तुला नेले. दोन दिवस त्यांनी तुझे हात खाटेला बांधून ठेवले. मनगटांवरचे वळ मी पाहिले आहेत. यवतमाळच्या आरोग्य कार्यालयाकडचा तक्रारअर्ज तू सांगितलास, मी लिहिला, आणि तुझा प्रतिनिधी म्हणून नाव आणि फोन नंबर माझा दिला.

महिन्याने उत्तर आले, 'तक्रारदार समाधानी, प्रकरण बंद.' तू तो कागद दोनदा वाचलास, घडी घातलीस, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाहीस; पुढे फुफीकडे राहायला गेलीस. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, असे तू धरून चाललीस. मीही तसेच चालू दिले.

नसरीन, तुला कोणी खोटे ठरवले नाही. कार्यालयातून फोन आला, तेव्हा मी असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज पढून मशिदीच्या पायरीवर चपला घालत होतो. बाईंनी अदबीने विचारले, चाचा, मुलगी आता कशी आहे? माझ्या तोंडून निघाले, अल्हम्दुलिल्लाह, खुदाच्या मेहेरबानीने सगळे ठीक आहे. कोणी विचारले की आधी खुदाचा शुक्र, गाऱ्हाणे नंतर, ही आयुष्यभराची सवय. 'बरं झालं' म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला परत लावता आला असता. पण पायरीवर चार ओळखीची माणसे उभी होती, आणि माझ्या मुलीला बांधले होते हे त्यांच्यादेखत बोलण्याची मला लाज वाटली. नंतरही लावला नाही.

साक्ष लपवणे पाप आहे, असे मी चाळीस वर्षे मदरशात मुलांना शिकवले. सब्र माणसाने आपल्या दुःखावर करायचा असतो. मी तुझ्या दुःखावर केला.

काल यवतमाळला जाऊन हे सारे सहीनिशी लिहून दिले. साहेब म्हणाले, प्रकरण पुन्हा उघडेल, पण सोमवारपर्यंत रुग्णाच्या स्वतःच्या सहीचा नवा अर्ज हवा. कोरा अर्ज सोबत आहे. प्रतिनिधीचा रकाना मी रिकामा ठेवला आहे. तिथे फुफीचे नाव लिही, आणखी कोणाचे लिही, माझे असलेच पाहिजे असे नाही. फोन नंबर तुझा दे. साक्षीदार म्हणून मात्र मला बोलाव. शनिवारी दुपारच्या एसटीने पुसदला येतो आहे. मला आत घ्यायचे नसेल, तर अर्ज फुफीच्या हाती दारात दे. मी तिथूनच परत फिरेन आणि सोमवारी कार्यालय उघडताच तो जमा करीन.

तुझाच,
अब्बा