डब्याला पाठ लावून

३ ऑगस्ट, स्फाक्स
पोचले एकदाची! केर्केना बेटावरून येताना बोटीत एक बाई सारखी उलट्या करत होती, मी मात्र तिच्यासमोर बसून उकडलेली अंडी खाल्ली. निझारची, माझ्या बहिणीच्या लेकाची, ही दोन खोल्यांची जागा झकास आहे. तो मार्सेयला असतो. मावशीला तो खाल्ती म्हणतो. म्हणाला, खाल्ती, एकटी बेटावर काय करतेस, इथे राहा. समोरच्या सल्लूहाने कुसकुस आणून दिला. चांगला होता, पण तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.
कोपऱ्यात निझारचा जुना कॉम्प्युटर आहे, लिनक्सवाला. त्यात माझ्या नवऱ्याचा, हमीदाचा आवाज आहे. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून नावेतून फोनमध्ये बोलून मला पाठवायचा. ऑक्टोपस मिळालं, चूल पेटव, पाठ गारठली. माझा तो फोन समुद्रात पडला, हमीदा थंडीत गेला. निझारने आधी उतरवून ठेवला होता, तेवढाच उरलाय या डब्यात.

५ ऑगस्ट
हमीदाला ऐकता ऐकता डबा बंद पडला. निझार फोनवर म्हणाला, तापतोय. असाच तापला तर आतलं सगळं जळेल, काकांचा आवाजसुद्धा. सप्टेंबरात येऊन तो दुसरीकडे उतरवून घेईल, तोवर जपायचं.
मग त्याने एकेक अक्षर सांगितलं नि मी एका बोटाने टाइप केलं. ताप मोजायचा प्रोग्रॅम बसवला. डबा विचारत सुटला, हे तपासू का, ते तपासू का. प्रत्येकाला हो. लग्नातसुद्धा मी एवढ्या वेळा हो म्हटलं नव्हतं. आता आतला ताप माझ्या फोनवर दिसतो. पंचेचाळीस. पंख्यातली धूळ मी ब्रशने काढली.

८ ऑगस्ट
मिरच्या वाळवायला गच्चीवर गेले तर फोनवर बहात्तर. धावत खाली आले, तर हळूहळू उतरून अठ्ठेचाळीस.
निझार म्हणतो, डबा काम काहीच करत नव्हता, मागची गरम हवा कोंडली असणार. मांजर टेकून बसत असेल.
मांजर नाहीये.

९ ऑगस्ट
दुसरी किल्ली सल्लूहाकडे. माझ्या मागे येऊन हमीदाला ऐकत असणार. मेलेल्या नवऱ्यावरही बायकांचा डोळा! गोड बोलून किल्ली मागितली. माझं वाक्य संपायच्या आत तिने ती हातात दिली.
म्हणाली, "घे बाई. त्या कोपऱ्याला पाठ करून मी तरी बसत नाही."
का, विचारलं, तर मिरच्यांचा भाव सांगत बसली.

११ ऑगस्ट
दोन्ही किल्ल्या माझ्या चोळीत. तरी गच्चीवरून चौऱ्याहत्तर.
मासा कुठून आला नि कुठे गेला, आम्ही बेटावरच्या बायका वाळू बघून सांगतो. डब्याच्या मागे पीठ पसरलं आणि बाजारात गेले.
परत आले. पिठात बूड टेकल्याची खूण आहे. डब्याला पाठ लावून कुणीतरी बसलं होतं.
पाऊल एकही नाही.

१२ ऑगस्ट
आधी घाबरले, मग हसू आलं. हमीदाच असणार. जन्मभर चुलीला पाठ लावून बसला. म्हटलं, बस बाबा, पण हळू शेक, स्वतःचाच आवाज जाळशील.
निझारला सांगितलं, मांजर सापडलं.

१३ ऑगस्ट
खूण परत पाहिली. हमीदाचं बूड मला ठाऊक आहे, नावेसारखं रुंद. हे वीतभर आहे.
भिंतीवरही पीठ लागलंय. डोकं टेकल्यासारखं. छताजवळ. स्टुलावर चढले तरी माझा हात पोचत नाही—
हा हमीदा नाही.

१४ ऑगस्ट
आज मी घरातच आहे. तरी एक्याऐंशी. म्हणजे माझी लाजही राहिली नाही त्याला.
सल्लूहाचं दार वाजवलं. आत आहे, उघडत नाही.
निझार म्हणाला होता, नव्वद झालं की गेलं सगळं. हमीदा—
शहाऐंशी.

दुपारी
वायर उपटली. पंखा थांबला. डब्यावर हात ठेवून बसले, गार होईपर्यंत. आवाज वाचला. हमीदा वाचला.
ते आता कुठे शेकणार, याचा विचार मी—

बाहेर ऊन रणरणतंय. माझी पाठ गारठलीय.
दार उघडत नाही. किल्ली फिरते, दार नाही—

खाली बसलेय. टेकून. पण भिंत तर मागे चार हात