हात लावताच जांभळी

सोमवार, ४ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. संशोधकाकडे नोंदी असाव्या लागतात.
ऑफिसातून येताना मागच्या रानातून आलो. पडलेल्या खोडावर अळंबीचा झुपका. छत्री शेंदरी, कडेला पिवळी झालर, दांडा दुधासारखा पांढरा. एकीच्या दांड्याला हात लावला. जांभळा झाला. जागच्या जागी.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कुत्र्याच्या छत्र्या घरात आणायच्या नाहीत, आणि टॉवेलला हात लावण्याआधी हात धुवा. गाढवाला गुळाची चव काय. (हे मनात.)

मंगळवार, ५ सप्टेंबर
लायब्ररीतून अळंबीचं जाडजूड पुस्तक आणलं. हात लावल्यावर रंग बदलणाऱ्या जातींचं वेगळं प्रकरण आहे. काही निळ्या होतात, काही लाल, काही काळ्या. जांभळी एकही नाही. म्हणजे पुस्तक अपुरं आहे. म्हणजे जात नवीन आहे.
निसर्ग मंडळाची अळंबीची यादी तीस तारखेला छापायला जाते. प्रत्येक जातीपुढे शोधणाऱ्याचं नाव. गेल्या वर्षी पक्ष्यांच्या यादीत मेहुण्याचं नाव आलं. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही कार्यात त्याला दोन शब्द बोलायला सांगतात.
मी बावीस वर्षं आवक-जावक टेबलावर. आलेला-गेलेला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो, नाव एकावरही नाही. फक्त शिक्का. ऑफिसात मला शिक्काराव म्हणतात. आता पुरे.

शुक्रवार, ८ सप्टेंबर
नवीन स्टँप पॅड मिळालं. फारच ओलं. त्यात टपालाचा ढीग.
संध्याकाळी रानात. आज प्रतिक्रिया अतितीव्र. पाचही बोटांचे ठसे स्पष्ट उमटले. अळंबी जोमात आहे.
बायको म्हणते, दिव्यांची बटणं जांभळी झाली आहेत. घरातल्या बारीकसारीक गोष्टी तीस तारखेनंतर बघू.

रविवार, १० सप्टेंबर
मेहुणा जेवायला. पाहुणा येणार म्हणून बायकोने मला सकाळी भांडी घासायला बसवलं. तासभर. जेवण झाल्यावर त्याला रानात नेलं. हात लावला. काही नाही. दुसरीला लावला. नाही. तिसरी मोडली.
मेहुणा म्हणाला, भावजी, आज सुट्टी असेल तिची. आणि हसत राहिला.
हसो. आंधळ्याने दगड मारला तरी कधीतरी लागतो. रविवारी प्रतिक्रिया नाही. ही जात फक्त कामाच्या दिवशी रंग बदलते.

सोमवार, ११ सप्टेंबर
पडताळा घेतला. जांभळी. नियम सिद्ध.

गुरुवार, १४ सप्टेंबर
यादीचं काम बघणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना मी सहा तारखेलाच तीन पानी पत्र पाठवलं होतं. (सवयीने जावकचा शिक्का मारला गेला.) सोमवारी पुरवणी: रविवार चालणार नाही. आज उत्तर. शुक्रवारी, बावीसला, सहा वाजता येतात. 'हात लावताच?' या शब्दांखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आहेत. उत्सुकता लपत नाही.
ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, खरं निघालं तर नोटीस बोर्डावर लावू. हेडक्लार्क म्हणाला, चला, शेवटी शिक्कारावांवर कुणीतरी शिक्का मारणार.

मंगळवार, १९ सप्टेंबर
चार शब्द बोलावे लागतील. तयार ठेवले. बारा मिनिटं होतात. बायकोने मध्येच विचारलं, टॉवेल कशाने धुवायचे ते तुमच्या शास्त्राला ठाऊक आहे का. भाषणाचा धागा तुटला.

शुक्रवार, २२ सप्टेंबर, संध्याकाळ साडेसात
बाई वेळेवर आल्या. मेहुणा कॅमेरा घेऊन, न बोलावता. बायकोही आली, कधी नव्हे ती.
मी ऑफिसातून थेट रानात. हात लावला. जांभळी. मला वाटलं, झालं.
मग बाईंनी हात लावला. पांढरीच. मेहुण्याने लावला. पांढरीच. मी म्हणालो, तिला माणसाची सवय व्हावी लागते. बाईंनी रुमाल ओला केला आणि माझ्या अळंबीचा दांडा पुसला. जांभळा रंग रुमालावर आला. दांडा पांढरा.
बाईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं. अगदी सौम्यपणे विचारलं, आपण काय काम करता?
मी सांगायच्या आत बायको म्हणाली, मग आमचे टॉवेलही याच जातीचे. बटणंसुद्धा.
मेहुणा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, जाऊ द्या भावजी, रंग मात्र छान आहे छत्रीचा. आणि फोटो काढत बसला.
भाषण केलं नाही.

शनिवार, २३ सप्टेंबर
शाईच्या अंशाने प्रतिक्रिया सुरू होत असण्याची शक्यता अजून कुणी तपासलेली नाही. बाईंना लिहावं का? मसुदा केला. फाडला. पुन्हा जोडून ठेवला.

सोमवार, १६ ऑक्टोबर
मंडळाची यादी ऑफिसच्या टपालात आली. सदतीसवी: शेंदरी अळंबी, सर्वत्र आढळते. नोंद व छायाचित्र: मेहुणा.
शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात टीप: 'नमुना हाताळण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत.' गेल्या वर्षीच्या यादीत ही टीप नव्हती. मी काढून पाहिली. म्हणजे टीप माझी. खाली नाव नाही.
हेडक्लार्कने विचारलं, शिक्काराव, नोंद झाली का?
आवक क्रमांक ८१९. शिक्का मारला.