सांगली सोडण्याआधीची भेट

सांगली, २४ मे

प्रिय आई,

येशूच्या नावाने तुला सलाम. मी बरा आहे. ऊन फार आहे, पण जेवणखाण वेळेवर चाललंय. तुझे गुडघे कसे आहेत? वाईच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलीस का?

माझी बदली मेढ्याला झाली. नऊ वर्षं पाळक म्हणून सांभाळलेली इथली चर्चची मंडळी सोडतोय. निरोपाच्या सभेत लोक भरभरून बोलले, पण माझं लक्ष आमच्या मंडळीतल्या सगुणाबाईंच्या रिकाम्या जागेकडे होतं. गेल्या वर्षी त्यांचा मुलगा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत मला बोलावत होता, आणि मी पुण्याच्या बैठकीतून उठलो नाही. हे तुला कधी लिहिलं नाही. तेव्हापासून त्या चर्चला आल्या नाहीत.

काल धीर करून त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्या हळद निवडत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आवं, माफी काय मला जमायची न्हाई. पण नवा पाळक येतोय न्हवं? त्याला माझं घर दावून जावा."

आज सकाळी नव्या पाळकांना घेऊन गेलो. सगुणाबाईंनी मुलाची ढोलकी काढून त्यांच्या हातात दिली. "भजनाला घ्या. मंडळीला दिली म्हणा," एवढंच बोलल्या.

मी दारातच उभा होतो. त्यांनी तीन कप चहा आणला. एक माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

शुक्रवारी सामान हलवतो. तू दगदग करू नकोस. प्रार्थनेत माझ्याआधी सगुणाबाईंचं नाव घे.

तुझा,
शांतवन