जपून ठेवलेलं नाव

मी, मिसेस व्ही. टॉलिव्हर, कै. एमॉस टॉलिव्हर यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा घरकाम, राहणार लोवेल्टन, अलाबामा, देवकृपेने शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. वकीलबाई मिस गेन्स म्हणतात, "आजी, नुसत्या 'व्ही'वर कायद्याचं भागत नाही, पूर्ण नाव हवं." लिहीन, अगदी शेवटी. जन्मभर जपलं, आणखी पानभर जपू द्या.

१. राहतं घर नात डेल्फीन हिला. परसातलं पेकनचं झाड तोडू नये. त्याखाली बसून आमचे मिस्टर संध्याकाळी मला नावाने हाक मारत, कुंपणापलीकडे जाणार नाही इतपत हळू. तशी हाक पुन्हा ऐकली नाही.

बाहेर नाव घ्यायची सोय नव्हती. गोऱ्या बायका त्या मिसेस. आम्ही काळ्या बायका म्हणजे पहिल्या नावाने, नाहीतर "ए मावशे". आईने शिकवलं होतं, नावाचं फक्त पहिलं अक्षर सांगायचं. नुसत्या अक्षराला कोणी 'अगं' म्हणत नाही.

२. बिडाचा मोठा तवा शेजारच्या मिसेस ओडेसा प्रुइट हिला. तिचा त्यावर फार दिवसांपासून डोळा आहे. साबणाने घासू नये.

३. बँकेतली शिल्लक आमच्या ख्रिस्ती देवळाला, पण एका अटीवर. काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याची जी पाटी तिथे भिंतीवर आहे, तीत पुरुषमंडळींची नावं आहेत आणि खाली 'व भगिनीवर्ग'. भगिनीवर्गाने मोर्चाला नुसत्या भाकऱ्या पुरवल्या नाहीत, तुरुंगही पाहिला. नवी पाटी करावी. प्रत्येकीचं नाव पूर्ण, आधी मिसेस किंवा मिस. तसं न केल्यास सर्व रक्कम डेल्फीनला.

४. मतदार नोंदणीच्या गोऱ्या कारकुनाविषयी. त्याने विचारलं, "व्ही म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, "व्ही म्हणजे मिसेस टॉलिव्हर."

रांगेत खसखस पिकली. त्याने अर्ज फाडला. वाटेत मिस्टर म्हणाले, नाव सांगितलं असतंस तर कदाचित मत मिळालं असतं. मी म्हटलं, "मत घरी आलं असतं हो, मी तिथेच राहिले असते." पूल आला तेव्हा ते एकटेच हसत सुटले.

पुन्हा पुन्हा गेले, पुन्हा पुन्हा परत आले. पुढे पासष्ट साली काळ्यांच्या मतहक्काचा कायदा झाला, नोंदणीला वॉशिंग्टनहून अधिकारी आले. मी अक्षर आणि आडनाव सांगितलं, तर त्यांच्यातला एक तरुण गोरा मुलगा उठून उभा राहिला. "या, मिसेस टॉलिव्हर. बसा." बसले, आणि पूर्ण नाव माझ्या हाताने लिहिलं. मिस्टर दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते.

कारकून वारला. प्रभूच्या आज्ञेप्रमाणे त्याला क्षमा केली आहे. वर भेट झाल्यास मात्र त्याने मिसेस म्हणावं.

५. डेल्फीनला दिवस गेले आहेत. मुलगी झाल्यास तिला माझं नाव देते. फारसं वापरलेलं नाही, घडीसुद्धा नीट मोडलेली नाही. पवित्र शास्त्रातली ती राणी, राजाने दरबारात बोलावलं तरी न गेलेली. शेजारीपाजारी, काळेगोरे, सर्वांनी तिला मोठ्याने हाक मारावी. जायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं.

हे सर्व वाचून, समजून, खाली सही केली.

मिसेस वश्ती टॉलिव्हर

साक्षीदार: मिसेस ओडेसा प्रुइट, मिस लेनोरा गेन्स
लोवेल्टन, १४ मार्च १९९८