घरट्याचा खालचा थर

युसूफ वडगाव,
रविवार

प्रिय सोमा,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. डिप्लोमा झाल्यापासून हातानं इतकं कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. आधी बातमी सांगते, ती सांगायला सोपी आहे. आण्णांची गाडी चालू झाली. येत्या कार्तिक वद्य पंचमीला त्यांचं वर्षश्राद्ध आहे, आणि तुला परळी स्टेशनवरून आणायला तीच गाडी जाईल असं आईनं ठरवून टाकलं आहे. तू येणार की नाही, हे तू अजून तिलाही सांगितलेलं नाहीस. दर रविवारी तिच्याशी दोन मिनिटं बोलतोस, आणि श्राद्धाचा विषय निघाला की रेंज जाते. मी विचारलं तर आई म्हणते, "येतंय की. बापाचं हाय, न येऊन करतंय काय." पण ते ती मला सांगत नसते. चुलीकडं बघून स्वतःलाच सांगत असते.

माजलगावहून मी शुक्रवारी आले, चार दिवसांची रजा टाकून. हत्यारांची पेटी बरोबर आणली. तेराव्यानंतर गाडी शेडमध्ये लागली ती लागलीच. वर्षभर कुणी हलवली नाही. आई दर सोमवारी वरून ओल्या फडक्यानं पुसते, त्यामुळे बाहेरून ती कालच उभी केल्यासारखी दिसते. शेडचं पत्र्याचं गेट आठवतं ना तुला, खालचं चाक तुटल्यापासून जमिनीवर घासत उघडायचं. ते तसंच आहे. खांदा लावून ढकलताना मलाही दम लागला. बॅटरी बसली होती, टायरमध्ये हवा नव्हती, हे सगळं अपेक्षित होतं. दुसरी बॅटरी जोडून इंजिन चालू केलं, ते पहिल्याच सेल्फला लागलं. मग एसीचा ब्लोअर एकवर केला. आधी खरखर, मग पत्र्यावर काड्या आपटल्यासारखा आवाज, आणि वास. हा वास मी ओळखते. आमच्या वर्कशॉपमध्ये सोयाबीन निघालं की महिनाभर येतो. रानं मोकळी झाली की उंदीर गावाकडं सरकतात, आणि उभ्या गाडीसारखी कोरडी, अंधारी जागा त्यांना दुसरी मिळत नाही. समोरच्या काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा आत येते, तिथूनच तेही येतात, आणि ब्लोअरच्या पंख्याभोवती घर करतात.

मागच्या वर्षी त्या एका महिन्यात मी अशा सात गाड्या खोलल्या होत्या. हा आकडा लक्षात ठेव, पुढं लागेल. दसऱ्यानंतर आण्णांचा फोन आला होता. "तेजू, गाडीत बसलं की कोंडल्यासारखं व्हतंय गं. छाती आवळल्यावानी." मी त्या वेळी सातवी गाडी समोर घेऊन उभी होते. मी विचारलं, एसी चालू असतो का, ब्लोअर कितीवर, हवा आतलीच फिरते की बाहेरची येते, वास येतो का. वास येत न्हाई म्हणाले. मी म्हटलं, सुरुवातीला येत नाही. मग त्यांना डॅशबोर्डचा कप्पा सोडवून मागचा फिल्टर कसा काढायचा ते फोनवर सांगितलं. कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस. एकेक पायरी परत म्हणून दाखवत होते, आधी डावी खिट्टी, मग उजवी. फिल्टर हातात आल्यावर म्हणाले, "ह्यो तर कोरा हाय गं, पोस्टकार्डावानी." मी म्हटलं, मग घाण आत ब्लोअरमध्ये असणार, फिल्टर बाहेरच राहू द्या, मी दिवाळीला येऊन बघते. दिवाळीत काम होतं. मी आले नाही.

काल मी ब्लोअर उतरवला. हातमोजे, तोंडाला मास्क, आणि आधी सगळं जंतुनाशकानं भिजवून, कारण उंदराच्या मुतानं आजार होतात आणि कोरडं घरटं झटकलं तर ती धूळ छातीत जाते. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. घरटं ओंजळीत मावेल एवढं होतं. वरच्या थरात याच हंगामातला कापूस, सरकीसकट. त्यात पाच पिल्लं, डोळे न उघडलेली. आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "मारू नगंस, गणपतीचं वाहन हाय." मी ती टोपीत घेऊन बांधावर काट्याच्या कुंपणाखाली ठेवून आले. आईशिवाय ती जगणार नाहीत हे मला माहीत होतं. आईला ते सांगितलं नाही.

कापसाखाली ज्वारीची फोलपटं होती. चार-दोन नव्हे, चांगली मूठभर. शेडमध्ये ज्वारीचं पोतं नाही, कणगी नाही, म्हणून मी आईला विचारलं की दाणे कुठून आले. तिनं जे सांगितलं ते तुला माहीत नसणार, मलाही नव्हतं. दर अमावस्येला ती एक मूठ ज्वारी आणि भाकरीचा तुकडा घेऊन शेडमध्ये जाते आणि बॉनेटवर, काचेच्या खाली, डाव्या अंगाला ठेवते. आण्णा बसायचे त्या बाजूला. "घरात न्हाई गेले ते, गाडीत गेले. मग घास तिथंच ठिवायला पायजे की. कावळा शेडात येत न्हाई, पण सकाळी बघावं तर एक दाणा ऱ्हात न्हाई. सगळं खातेत." शेजारच्या छबुबाईलाही तिनं एकदा नेऊन रिकामं बॉनेट दाखवलं म्हणे, आणि छबुबाईनं हात जोडले. गेल्या महिन्यात दिवाळीची अमावस्या बारावी झाली. त्या डाव्या बाजूला हवेची जाळी आहे. जाळीखाली नळी, आणि नळीत एरवी उंदराला अडवायला फिल्टर असतो. तो नव्हता. तो मला डिकीत सापडला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, सुतळी बांधून ठेवलेला. आण्णांनी वर पेनानं लिहिलं होतं, "तेजू आल्यावर बसविणे."

मी आईला म्हटलं, हो, सगळं खातात. एवढंच. माझ्या कामात मी असं कधी बोलत नाही. पण त्या फोलपटांचं खरं तिला सांगून मला काय दुरुस्त करता आलं असतं, ते मला दिसेना.

आता खालचा थर. खरं सांगायचं तर मी गाडी खोलली ती या थरासाठी. आईसाठी नाही, परळी स्टेशनसाठीही नाही. वर्षभर मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले आहे: आण्णांच्या छातीत जे होत होतं ते हृदयाचं होतंच, पण गाडीतही काहीतरी असणार. ब्लोअरमध्ये जुनं घरटं असणार. म्हणजे मी जे सांगितलं ते निम्मं तरी बरोबर होतं. घरट्याचं वय काढता येतं. उंदीर आधी खाली अंथरतो, मग त्यावर वाढवत जातो. सगळ्यांत खालचं ते सगळ्यांत जुनं. मी चिमट्यानं एकेक थर उचलत गेले. कापूस, फोलपटं, बॉनेटखालच्या नमद्याच्या अस्तराचा चुरा, आणि तळाशी गुलाबी जाड कागदाचे कपटे. एका कपट्यावर "…हनराव यांचे" होतं, दुसऱ्यावर "गोडजेवण". तेराव्याच्या पत्रिका, सोमा. वाटून उरलेला गठ्ठा काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होता, तो कुरतडून उंदरांनी पहिलं अंथरूण केलं. त्याच्याखाली काही नव्हतं. प्लास्टिक साफ होतं, ओरखडासुद्धा नाही. आण्णा जिवंत होते तोवर या गाडीत एकही उंदीर नव्हता.

मी हातमोजे काढले. मग ते गेट बघितलं. आण्णा गाडीत बसायच्या आधी दर वेळी ते गेट ढकलत. खांदा लावून, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. तू गाडी बाहेर काढायचास आणि ते गेट लावून येऊन बसायचे. म्हणजे बसल्यावर जे कोंडायचं ते बसण्यामुळे नव्हतंच, आधीच्या मिनिटाचं होतं. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारते: त्याच्या आधी काय केलं होतं? ब्रेक दाबला होता, वळवली होती, चढ चढला होता? तो प्रश्न मी आण्णांना विचारला नाही. ब्लोअर कितीवर आहे ते विचारलं. सात गाड्या डोळ्यांसमोर होत्या, आठवीही तशीच वाटली.

त्या दिवशीचं तुला सांगायची गरज नाही, तरी लिहिते, कारण हे कुठंतरी लिहिलेलं असावं. तुम्ही अंबाजोगाईला आण्णांचे डोळे दाखवायला निघाला होता. दहा बेचाळीसला तुझा फोन आला. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे, मी पुसलेला नाही. "ताई, आण्णाला लई घुसमटतंय, काय करू?" मी म्हटलं, एसी बंद कर, काचा खाली घे, गाडी बाजूला लाव, दहा मिनिटं मोकळ्या हवेत बसव, मग निघ. तू विचारलंस, "थांबू का सरळ दवाखान्यात नेऊ?" मी म्हटलं, थांब. गाडीचंच आहे ते. तू रस्त्याकडेच्या बंद रसवंतीच्या मांडवात त्यांना बाकावर बसवलंस. दहा चोपन्नला दुसरा फोन आला, घाम फुटलाय, बोलेनात. तू तिथून सरळ दवाखान्याकडं निघालास, पण ते वाटेत गाडीतच गेले. दोन फोनांमधली बारा मिनिटं माझी आहेत. थोडं आधी आणायला पाहिजे होतं, असं डॉक्टर म्हणाले. किती आधी, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला आकडा नको होता. तसं आयुष्यात एकदाच झालं.

आणि मग तेराव्याला, पंगत उठल्यावर, सगळ्या भावकीसमोर हरिबाकाका तुला म्हणाले, "बाप मरायलाय अन् हे रसवंतीवर थांबलं. रस प्यायला थांबलतास का बे?" कोणीतरी हसलंसुद्धा. तू माझ्याकडं बघितलंस, एकदाच. मी हातातली पातेली घेऊन आत गेले. मला वाटलं, तू आता सांगशील, ताईनं थांबायला सांगितलं. तू नाही सांगितलंस. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरलीस, आणि तेव्हापासून गावात हे असंच बोललं जातं: सोमेश्वर रसवंतीवर थांबला. मी दर महिन्याला इथं येते, ते कानावर पडतं, आणि मी चहा पिऊन माजलगावला परत जाते.

काल संध्याकाळी मी आईला सांगितलं. फोन, बारा मिनिटं, गेट, सगळं, क्रमानं. ती पीठ चाळत होती. चाळणी थांबली नाही. शेवटी एकच विचारलं, "मग वरीसभर तू कावून गप बसलीस?" मग तिनं जेवायला वाढलं. आज सकाळी उठले तर गेट अर्धं उघडं होतं आणि ती एकटी खांदा लावून ते ढकलत होती. म्हणाली, "बघत हुते. लई जड हाय गं." मग तिथंच खाली बसली. उद्या वेल्डर येऊन नवं चाक लावणार आहे.

हे पत्र तुझी माफी मागायला नाही. माफी फोनवर मागितली असती तरी चाललं असतं, तुझ्या न उचललेल्या फोनवरसुद्धा. पत्र यासाठी लिहिलं की पंचमीला श्राद्धाचं जेवण होईल, तीच भावकी त्याच ओट्यावर बसेल, आणि पंगत उठल्यावर मी हरिबाकाकांसमोर उभी राहून सांगणार आहे की सोमेश्वरला मी थांबायला लावलं, तो दवाखान्यात न्यायचं म्हणत होता. तू असलास काय, नसलास काय, मी हे बोलणारच आहे. पण ज्या ठिकाणी तुला ते ऐकून घ्यावं लागलं, त्याच ठिकाणी तू हेही ऐकावंस असं मला वाटतं. चतुर्थीला सकाळी सहापासून मी परळी स्टेशनबाहेर गाडी घेऊन थांबेन, पुण्याकडच्या सगळ्या गाड्या येऊन जाईपर्यंत. ब्लोअर धुऊन बसवला आहे, वास राहिलेला नाही. आण्णांनी सुतळी बांधून ठेवलेला फिल्टर आज सकाळी बसवला, आधी डावी खिट्टी, मग उजवी. डाव्या सीटवर बसवत नसेल तर मागं बस. मी काही विचारणार नाही.

तुझीच,
एक वर्ष उशिरा बोललेली ताई