एक ‘य’ कमी होऊन विहीर वाचणेबाबत

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी साहेब,
पर्यावरण आघात कक्ष (ग्रामीण),
बुलडाणा.

अर्जदार : झुंबरबाई कारभारी सुरडकर, धंदा म्हशी, रा. सोनझरी, अमडापूरच्या अलीकडे, ता. चिखली.

विषय : अहवालातील ‘माश्यांवरील प्रक्रिया केंद्र’ ह्या नावातून एक ‘य’ काढून ते ‘माशांवरील’ असे करणेबाबत, व तसे झाल्यावर अर्जदाराच्या विहिरीकडे पाहणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाने मान्य केलेला अहवाल, निळ्या पुठ्ठ्याचा.
२) गोठा न झाडण्याविषयी आपले पत्र.
३) अर्जदाराचे तोंडी म्हणणे, जे आपल्या कक्षात ऐकले गेले पण लिहून घेतले गेले नाही.

महोदय,

१. अर्ज लिहिणार शकूर, बसणार चिखली तहसीलसमोर लिंबाखाली, याचे प्रथम निवेदन असे की, लिहिणाराची हयात अर्ज लिहिण्यात गेली. हरवलेल्या बैलाचे, सापडलेल्या नवऱ्याचे, बांधाचे, बोअरचे, सर्व प्रकारचे अर्ज त्याने लिहिले. एका अक्षराविरुद्ध अर्ज लिहिण्याची वेळ मात्र पहिलीच. अर्जदार बाईंनी जे सांगितले ते शासकीय भाषेत बसविले आहे. जे बसले नाही ते त्यांच्याच तोंडचे ठेवले आहे, कारण लिहिणार ते सुधारायला गेला तेव्हा बाईंनी त्याचा पेन धरला.

२. सोनझरीच्या नाल्याकाठी एक केंद्र उभे राहिले आहे. तेथे धरणातले मासे आणायचे, खवले काढायचे, कापायचे, बर्फात भरायचे आणि मलकापूर स्टेशनावर पाठवायचे असा बेत आहे. केंद्राच्या मागच्या भिंतीतून एक पाइप निघून नाल्यात तोंड काढतो. त्या तोंडाच्या खालच्या अंगाला, नाल्याला खेटून, अर्जदार बाईंची विहीर आहे. तिच्यावर बाईंचे घर, बाईंच्या म्हशी आणि उन्हाळ्यात अर्धी वस्ती पाणी पिते. मासे धुतलेले पाणी नाल्यात आले की ते विहिरीत झिरपणार, हे समजायला अहवाल लागत नाही; पण अहवालात आल्याशिवाय ते कोणी मानतही नाही. म्हणून बाई अहवालाची वाट पाहत होत्या. बाईंचे मासोळीशी वैर नाही हे येथे नमूद करणे जरूर आहे. त्यांच्या घरी रविवारी रस्सा होतो व तो लिहिणाराने खाल्लेला आहे.

३. मूळ कागदात ‘मत्स्यप्रक्रिया’ असा भारदस्त शब्द होता. मग वरून फर्मान आले की कामकाज सोप्या, लोकांना कळेल अशा मराठीत करावे. कोणा आज्ञाधारक माणसाने ‘मत्स्य’ काढून ‘माशांवरील’ घातले, आणि टंकताना त्यात एक ‘य’ शिरला. ‘माशांवरील’चे ‘माश्यांवरील’ झाले, म्हणजे पाण्यातला जीव उडायला लागला. हा कागद मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे गेला. संस्थेने विचारले नाही की माशीवर प्रक्रिया ती कसली करणार. कागदावर शिक्का होता, आणि शिक्का मारलेल्या कागदाला प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

४. संस्थेकडून दीपक व सुचिता अशी दोन शिकलेली, स्वभावाने गोड मुले आली. त्यांच्याकडे चिकट कागद होते, बारीक जाळ्या होत्या. त्यांनी अदबीने विचारले, ‘आजी, तुमच्याकडे माश्या किती आहेत?’ बाईंना वाटले, फवारणीची योजना आली. योजना आली की गरज चढवून सांगायची रीत साहेबांनाही ठाऊक असेलच. बाई म्हणाल्या ते शब्दशः असे : ‘माश्या? मोप हायेत बाप्पा. सांजच्याले म्हैस दिसतच नाई, माश्याच रवंथ करून राह्यल्या असं वाटते. लिहा तुमी. जास्तच लिहा.’ मुले आज्ञाधारक होती. त्यांनी जास्तच लिहिले.

५. अहवाल आला. बाईंची सून राखी बारावी झालेली आहे, तिने ओट्यावर बसून तो वाचून दाखविला. त्यात कच्चा माल ‘मुबलक, स्थानिक व वर्षभर उपलब्ध’ असून ‘प्रमुख पुरवठादार’ म्हणून अर्जदार बाईंच्या गोठ्याचे नाव आहे. घरमाशी चांगली, गोमाशी उत्तम प्रतीची असे शेरे आहेत. परिसरातील महिलांना माश्या पकडण्याचा रोजगार मिळेल असेही म्हटले आहे. पुढे पाण्याचे प्रकरण येते. ‘माश्या धुण्याची आवश्यकता नसल्याने सांडपाणी निरंक.’ आणि त्याखाली, बाईंनी राखीला तीनदा वाचायला लावली ती ओळ : ‘नजीकच्या विहिरी : लागू नाही.’ मग बाई म्हणाल्या, ‘इहीर लागू नाई म्हंजे काय वो? ते काय औषध हाय?’

६. बाई आपल्या कक्षात आल्या. त्यांना खुर्ची मिळाली, चहाही मिळाला, त्याबद्दल त्या आभारी आहेत. तेथील साहेबांनी समजावले की विषयाप्रमाणे अहवाल बरोबर आहे. विषय चुकला असेल तर हरकत घ्यावी लागेल, हरकत फक्त बाधितांना घेता येते, आणि बाधितांच्या यादीत बाई नाहीत, कोळी आहेत. बाईंना बरे वाटले, कोणी तरी आहे म्हणून. राखीने यादी पाहिली. ‘कोळी (स्थानिक) : मोठ्या संख्येने. मुक्काम : अर्जदाराच्या गोठ्याचे आढे. उपजीविका : संपूर्णपणे माश्यांवर.’ मुलांनी अष्टपाद कोळी लिहिला होता, साहेब. जाळे विणणारा. तोही जाळेच वापरतो, म्हणून गोंधळ वाढला.

७. आता आपल्या कक्षाचे वैशिष्ट्य असे की, पाण्याच्या टेबलावर माशी ती माशीच राहिली, पण पुनर्वसनाच्या टेबलावर पोचेपर्यंत तिचा मासा झाला. तेथे वाचले गेले की सोनझरीत मासेमारीवर जगणारी शेकडो कुटुंबे एका गोठ्यात राहतात. त्यांच्या चौकशीसाठी एक साहेब स्वतः आले. रेशनकार्डे मागितली. कुटुंबे दिवसा कुठे असतात म्हणाले. राखीने झाडूने वर दाखविले. साहेबांनी वर पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि वहीत लिहिले की कुटुंबे उंचावर राहतात. त्यानंतर बाईंना विचारणा झाली की विनापरवाना इतक्या लोकांना आश्रय काऊन दिला, आणि त्यांच्या शौचालयाची काय सोय केली. (‘काऊन’ हा शब्द बाईंचा. पत्रात ‘कोणत्या कारणास्तव’ असे आहे.)

८. लगोलग संदर्भ क्र. २ चे पत्र आले. गोठा झाडू नये, कारण कच्च्या मालाची नासाडी होते. जाळी काढू नयेत, कारण पुनर्वसनाआधी विस्थापन करता येत नाही. लिंबाच्या पाल्याचा धूर करू नये. म्हशींच्या शेपट्यांनी माल दगावतो, तरी त्या शक्यतो आवराव्यात. पत्र वाचून कारभारी, म्हणजे बाईंचे यजमान, मोठ्याने हसले. ते क्वचितच हसतात. बाई मात्र त्यांच्यावर डाफरल्या, कारण तोपर्यंत केंद्र सुरू झाले होते.

९. केंद्रात माशी गेली नाही, साहेब. टेम्पो भरून रोहू आणि कटला आला. खवले निघाले, पोटे फाडली, फरशी धुतली, आणि अहवालाप्रमाणे निरंक असलेले पाणी पाइपातून भदभदा नाल्यात पडले. आठवड्याच्या आत विहिरीवर तवंग आला. थोरली म्हैस हौदात तोंड घालते, फुंकर मारते आणि बाईंकडे पाहते. राखी न्हाली तर केसांतून खवला निघाला. बाईंनी लेखी तक्रार केली. उत्तर आले की प्रकल्पात सांडपाणी तयारच होत नाही, सबब विहिरीत आलेले पाणी प्रकल्पाचे नाही, ते कोणाचे आहे याचा खुलासा अर्जदाराने करावा. पाण्याचा नमुनाही नेला. तपासणीत खवला सापडला. परंतु माशीला खवले नसतात, म्हणून तोही प्रकल्पाचा धरता आला नाही.

१०. येथवर लिहिताना लिहिणारही हसला, ते कबूल. मग बाईंनी पुढचे सांगितले आणि त्याचे हसू गेले. ही विहीर बाईंनी आणि कारभारींनी दोघांनी खोदली. ते खाली, ह्या वर, दोराला. दगड लागला तेव्हा गावाने वेड्यात काढले. पाणी लागले त्या दिवसापासून बाईंनी कोणाच्या दारात घागर नेली नाही, उलट वस्ती त्यांच्या दारात आली आणि बाईंनी कधी कोणाला नाही म्हटले नाही. आज राखी वेशीबाहेरच्या हापशावर नंबर लावते. थोरली म्हैस आटली. वस्तीच्या बाया विहिरीवर येतात, आत डोकावतात आणि रिकामी घागर घेऊन माघारी जातात, तेव्हा बाई घरात जाऊन बसतात. त्यांना लाज वाटते. चूक त्यांची नाही तरी वाटते. कारभारी म्हणतात, ‘रडू नको वो, दुसरी खंदू.’ त्यांचे वय साहेबांनी विचारात घ्यावे. त्यांना आता ओट्यावर चढायला हात द्यावा लागतो.

११. सबब अर्जदार बाईंची विनंती अशी की, अहवालातील तो ‘य’ काढावा, आणि पाण्याचे प्रकरण नव्याने, मासा समजून लिहावे. ‘य’ काढण्यास फेरप्रस्ताव, फेरमंजुरी व फेरछपाई लागते, त्यास बराच अवधी जाईल, असे आपल्या कक्षातून सांगण्यात आले. बाईंनी ते मानले. कार्यालयाचा कागद मोठा, माणूस लहान, हे त्यांना समजते.

१२. तेव्हा बाईंनी रात्रभर विचार करून दुसरी विनंती काढली आहे, आणि लिहिणाराने एवढ्या वर्षांत इतकी कायदेशीर विनंती लिहिलेली नाही. ती बाईंच्याच शब्दांत : ‘तुमचा कागद खरा हाय ना? मंग खराच राहू द्या. माह्यं काई म्हणणं नाई. कागदात माश्या हायेत, त त्या कारखान्याले माश्याच करू द्या. मासोयी आनू देऊ नका. येक बी नाई. माश्या मी देतो, फुकट देतो, लागन तेवढ्या. माह्या गोठ्यातून भरून न्या.’ म्हणजेच, महोदय, ‘य’ जाणार नसेल तर मासे जावेत. परवानगी ज्या गोष्टीची आहे तीच गोष्ट केंद्रात चालावी, व मासे घेऊन येणारा पहिला टेम्पो दारातून परत फिरेपर्यंत पाइपाचे तोंड बंद ठेवावे. ह्यासाठी एकही अक्षर बदलावे लागत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र, आणि तूर्त हापशाच्या रांगेतली,

झुंबरबाई कारभारी सुरडकर
(सही बाईंनी स्वतः केली आहे. तिला वेळ लागला, तो लिहिणाराने दिला.)

लिहिणार : शकूर, चिखली.
दि. १९ मार्च २०२५

सोबत :
१) अहवालाचे पाण्याचे पान, राखीने रेघ ओढलेले.
२) गोठा न झाडण्याविषयीचे पत्र, मूळ. (परत मिळावे. कारभारींना ते पुन्हा ऐकायचे आहे.)
३) बाटलीभर पाणी, अर्जदाराच्या विहिरीतले, आज सकाळचे. आपल्या अहवालाप्रमाणे त्यात काहीही मिसळलेले नाही. अर्ज लांबला आहे, वाचून साहेबांचा घसा कोरडा पडला असेल, तरी हेच पाणी घ्यावे. बाईंनी पेला घासून दिला आहे.