डोक्याशी कोण

२ मे
कागदा, कालचं काही आठवते का तुला? नाही ना! म्हणून पुन्हा सांगते — बोलणारी मी, लिहिणारी माझी नात दुर्गेश्वरी. मला अक्षर येत नाही, तुला बोलता येत नाही. जोडी बरी आहे.

दुर्गेश्वरीची बारा तारखेला कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल. एकदा नापास झालीच आहे. (लिही, लिही, लाजू नको!) तिचा बाप केवळराम म्हणते, "पास झाली तर नागपूरला पुढं शिक. नाही तर आमगावचं स्थळ पक्कं."

३ मे
प्रॅक्टिकलला कॉम्प्युटरात वयानं ओळीत लावलेल्या नावांचं झाड करायचं म्हणे. डोक्याशी एक बाई. तिच्याहून लहान डावीकडे, मोठी उजवीकडे; खालीही तसंच. पोरीनं सगळ्यांत लहान बाईपासून एकीखाली एक टांगली — झाड कसलं, विहिरीचा दोर! शेवटची बाई पाहिजे तर सगळ्यांना विचारत खाली उतरा.

४ मे
गल्लीतल्या सात जणी अंगणात वयानं उभ्या केल्या. मी धरून. म्हटलं, "दोर दुमडून मध्य काढतो तशी मधली उचल, डोक्याशी ठेव. दोन्हीकडे उरल्या तीन-तीन. त्यांच्यातलीही मधलीच उचल." चौथी अन्नपूर्णा — डोकं ती. काय ऐट! आता कोणतीही बाई फार तर तिसऱ्या विचारण्यात सापडते.

५ मे
दुर्गेश्वरीनं आधार कार्डावरची वयं टाकली. अडुसष्टची जमुनाबाई शोधली — सापडेना! अन्नपूर्णा चौसष्टची, म्हणून झाड उजवीकडे धाडते. अन् ही बसली डावीकडे, कवळ्या बायांत! ओळीतच खोटी उभी राहिली होती.
"मी साठचीच आहो!"
"मी सून होऊन आली तेव्हा तुह्या कडेवर पोरगं होतं, जमने!"
"तुले काऊन आठवते एवढं?"
गेली रुसून.

६ मे
ओळ सुधारली, तर मधोमध मी! सहासष्टची. अन्नपूर्णा उतरली, मी चढली. आता दोघी रुसून राहिल्या. मला झोप छान लागली.

१२ मे
पास! बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "मधलंच का उचललं?" पोरगी म्हणाली, "नाही तर आजी दोर म्हणते!"
केवळराम माळ्यावरची पेटी काढून पुसत बसला.

३ जुलै
दुर्गेश्वरी नागपूरला गेली. आज लिहिणारी जमुनाबाई — गल्लीत चौथीपर्यंत शिकलेली हीच एक. आधी तुझं खरं वय लिही म्हटलं: साठ. लिहिलं म्हणते.
केवळराम उद्या पोरीकडे चालला. त्याच्या हाती मोहफुलाचे लाडू पाठवायचे. वडे नको — गाडीतच खाते तो.